गुंड्या उडाला

गुंड्या उडाला तेव्हा मी बारावीच्या वर्गात फळ्यावर बेडकाचं हृदय काढत होते. शिपाई दारात येऊन म्हणाला, "मॅडम, ऑफिसात फोन आहे. डॉक्टरांच्या शेजारच्या बाई बोलताहेत. लगेच बोलवा म्हणाल्या."

डॉक्टर म्हणजे निरंजन. आमचा साखरपुडा झाला होता, वैशाखात लग्न होतं. मी खडू तसाच हातात घेऊन जिना उतरले. मला वाटलं, त्याच्या आई, माई, गेल्या.

फोनवर शेटे काकू होत्या. "सुनेत्रा, अगं तुमचा तो करडा पोपट उडालाय. आमच्या दारातल्या शिरीषावर जाऊन बसलाय. गल्लीतली पोरं जमलीत, दगड मारताहेत. तुझ्या वडिलांकडे पक्षी आहेत ना, म्हणून म्हटलं तुला कळवावं."

"निरंजननं सांगितलं का फोन करायला?"

"नाही गं. तो म्हणतोय, गेला तर जाऊ दे. पण माईंचा जीव आहे त्याच्यात. मला राहवलं नाही."

मी रिक्षा करून विश्रामबागला पोचले. मार्चमधली दुपार, सांगलीतलं ऊन. शिरीषाखाली वीसेक माणसं माना वर करून उभी होती. कुणी ताट वाजवत होतं, कुणी शिट्ट्या मारत होतं, एकानं बांबूला कपडे वाळत घालायची काठी बांधायला घेतली होती. पार शेंड्याजवळच्या फांदीवर गुंड्या बसला होता. करडं अंग, लालभडक शेपूट. पिसं अंगाला घट्ट चिकटवून तो एवढासा झाला होता. भ्यालेला पक्षी असाच बसतो. वरच्या तारेवर कावळे येऊन बसायला लागले होते.

निरंजन गर्दीपासून जरा लांब उभा होता. दवाखान्याचा पांढरा कोट अंगावरच होता. मला बघून त्याला आनंद झाला नाही, हे मला दिसलं. पण मी त्याचा अर्थ वेगळा लावला.

"तू कशाला आलीस एवढ्या उन्हात?" तो म्हणाला. "तास बुडवलास ना?"

निरंजनचा आवाज कधी चढत नसे. दातांचा डॉक्टर होता तो. रडणारी मुलं त्याच्या खुर्चीत बसली की गप्प होत. आमच्या कॉलेजात त्याचं शिबिर झालं तेव्हा मी पहिल्यांदा तो आवाज ऐकला होता. एका मुलीची दाढ काढताना तो तिला म्हणत होता, "घाबरायचं नाही. शहाणी आहेस ना तू?" पुढे आत्यानं स्थळ आणलं तेव्हा नाव ऐकून मी मनातल्या मनात आधीच हो म्हटलं होतं. घरात फक्त तो आणि अंथरुणाला खिळलेली आई. सकाळ-संध्याकाळ एक मावशी यायच्या, बाकी सगळं तो करायचा. अख्खं विश्रामबाग म्हणायचं, असा मुलगा मिळायला नशीब लागतं.

"आधी ही माणसं हटव," मी म्हटलं. "ताटं बंद करायला सांग. आवाजानं तो आणखी वर जाईल."

"अगं, राहू दे. मोकळा झालाय तर होऊ दे. आपण कशाला त्याच्या मागे लागायचं?"

"मोकळा नाही झाला तो. मरेल. पिंजऱ्यातल्या पक्ष्याला वर जाता येतं, उतरता येत नाही. उतरायचा सरावच नसतो. उपाशी राहील आणि कावळे संपवतील त्याला."

साखरपुड्याच्या आधीच मी त्याला म्हटलं होतं की माईंच्या खोलीच्या खिडकीला जाळी लाव, नाहीतर उडायची पिसं थोडी छाटून घे, आमचे अप्पा करून देतील, दुखत नाही. तेव्हा तो म्हणाला होता, "मला कुणाचे पंख कापायला आवडत नाही." त्या वाक्यावर मी कितीतरी दिवस खूश होते.

गुंड्याला मी आधी दोन-तीनदाच पाहिलं होतं, आणि तेही गप्प. मी गेले की निरंजन पिंजऱ्यावर चादर टाकून तो मागच्या पडवीत नेऊन ठेवायचा. नवीन माणूस आलं की बिथरतो, म्हणायचा. त्यात मला काही वावगं वाटलं नव्हतं. असे पोपट परक्यासमोर तोंड उघडत नाहीतच.

मी पोरांना पिटाळलं. मोठ्यांच्या हातापाया पडून त्यांना घरी पाठवलं. एवढ्यात निरंजनच्या कंपाउंडरचा फोन आला. एक पेशंट खुर्चीत अर्धवट राहिला होता, दाढ फोडून ठेवलेली, रक्त थांबत नव्हतं. निरंजन फोनवर दोनदा "नंतर बघू" म्हणाला. मग नाइलाजानं त्यानं गाडीची किल्ली काढली.

"तू घरी जा सुनेत्रा," तो म्हणाला. "मी आलो की बघतो. आणि आत जाऊ नकोस, माई आत्ता झोपलीय. उठली की मग झोपत नाही."

मी मान डोलावली. तो वळणावरून दिसेनासा झाला, आणि मी शेटे काकूंच्या गच्चीवर गेले.

गच्चीच्या कठड्यापासून गुंड्याची फांदी समोर, जरा वर होती, मध्ये दहा-बारा हात अंतर. काकूंनी खालून पेरू आणि ओल्या शेंगा पाठवल्या. मी त्या कठड्यावर मांडल्या आणि त्याच्याकडे पाठ करून बसले. अप्पांनी शिकवलं होतं, पक्ष्याकडे टक लावून बघायचं नाही. बघणारा डोळा म्हणजे त्याच्या दृष्टीनं मांजर.

गल्ली शांत झाली. कावळे कंटाळून उठले. बऱ्याच वेळानं माझ्या पाठीमागे कुकरची शिट्टी झाली. मी वळले नाही. मग टेलिफोन वाजला, दारावरची बेल वाजली. गुंड्याला धीर येत होता.

मग एक बाई म्हणाली, "गुंड्या, पेरू खा. खा रे बाळा."

मी दचकून मागे पाहिलं. गच्चीवर कुणी नव्हतं. गुंड्यानं पिसं फुलवली होती, एक पाय पोटाशी घेतला होता, आणि तो बोलत होता. तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. माईंना अर्धांगाचा दुसरा झटका येऊन वाचा गेली त्यानंतर माझी त्या घराशी ओळख झाली. म्हणजे हा माईंचा आवाज. जरा घोगरा, कोल्हापूरकडच्या हेलाचा. मला गंमत वाटली. मनात आलं, निरंजनला सांगायचं, माईंचा आवाज आहे याच्याकडे, आणि तू याला जाऊ दे म्हणतोस.

"निरंजन," माईंचा आवाज म्हणाला. "निरंजन, पाणी दे रे. घसा सुकलाय."

मग निरंजन बोलला. तोच आवाज, तोच संथपणा, प्रत्येक शब्द सुटा.

"पाणी नाही, माई. रात्री चादर कोण बदलणार?"

"थोडंसं दे. ओठ ओले कर नुसते."

"काल काय केलंस? सांग. आपल्या तोंडानं सांग काय केलंस."

"चुकलं."

"कुणाचं चुकलं?"

"माझं चुकलं. पाणी दे."

"शहाणी आहेस ना तू?"

गुंड्यानं चोचीनं पंखाखाली खाजवलं. मग त्याच्या गळ्यातून वाटीवर चमचा आपटल्याचा आवाज यायला लागला. टिण टिण टिण. तो थांबेचना. मधूनच माईंचा एक हुंदका, मग पुन्हा टिण टिण. आणि त्यावर निरंजन, दाढ काढताना मुलांशी बोलायचा तसा, अगदी प्रेमानं:

"वाजव. अजून वाजव. मी ऐकतोय."

ऊन कठड्यावर तापत होतं. गुंड्यानं ते सगळं पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. मध्ये दोनदा कुकरची शिट्टी घातली. पेरू खा म्हणाला. एखादा मुलगा पाठ केलेली कविता म्हणतो तसं, कशातच काही फरक न करता.

मी खाली उतरले. काकू विचारत होत्या, मिळाला का, मी तशीच पुढे गेले. निरंजनच्या घराचं मागचं दार नुसतं लोटलेलं होतं.

माई झोपल्या नव्हत्या. त्या खिडकीकडे तोंड करून पडल्या होत्या. खोलीत लघवीचा आणि फिनाईलचा उग्र वास होता. पलंगाच्या डाव्या बाजूला, त्यांचा चालणारा हात पोचेल तिथे, रिकामा पिंजरा होता. त्याचं दार सताड उघडं. स्टुलावर स्टीलची वाटी होती, वाटीत चमचा, आणि वाटी कोरडी ठणठणीत. माईंचे ओठ भेगाळले होते. कोपऱ्यात रक्त सुकून काळं झालं होतं.

मी स्वयंपाकघरातून तांब्या भरून आणला. मानेखाली हात घालून त्यांना उठवलं आणि पेला ओठाला लावला. त्या घटाघट प्यायल्या. अर्ध्या तोंडातून पाणी गळ्यावर सांडत होतं, तरी थांबल्या नाहीत. पेला संपला की डोळ्यांनी तांब्याकडे बघायच्या. तांब्या रिकामा झाला तेव्हा त्यांनी चालत्या हातानं माझ्या दंडाला धरलं आणि दाराकडे पाहिलं. निरंजन आला का, ते त्या बघत होत्या.

"नाही आला," मी म्हटलं. "माई, गुंड्याला तुम्ही सोडलंत का?"

त्यांनी डोळे मिटले. हो की नाही, मला कळलं नाही.

"मी त्याला आणते. ही वाटी नेऊ का?"

मी वाटी-चमचा घेतला, पिंजरा उचलला आणि पुन्हा गच्चीवर गेले. पिंजरा कठड्यावर ठेवला, दार उघडं ठेवलं, आत पेरू टाकला. मग खाली बसून वाटीवर चमचा वाजवायला लागले. शिट्टी मारून, नाव घेऊन, दाणे दाखवून न येणारा तो पक्षी त्या आवाजावर मान वाकडी करून बघायला लागला. त्या घरात वाटी वाजली की माई जाग्या आहेत, आणि माई जाग्या असल्या की त्याला काहीतरी खायला मिळतं, एवढंच त्याला ठाऊक होतं. तो फांदीवरून खालच्या फांदीवर आला. तिथून सरपटत, चोचीनं धरत, आणखी खाली. मग त्यानं उडी टाकली, अंदाज चुकला, कठड्याच्या बाहेर आदळला, पंख फडफडवत वर आला आणि पिंजऱ्यावर बसला. मी वाटी वाजवत राहिले. तो आत गेला. मी ओढणी टाकली आणि दार लावलं.

खाली काकूंनी टाळ्या वाजवल्या. मी त्यांच्याकडे न बघता पिंजरा घेऊन माईंच्या खोलीत गेले. माईंनी पिंजऱ्यावरची ओढणी पाहिली आणि त्यांचं अर्धं तोंड थरथरलं. मला वाटलं आनंदानं. आज मी तसं म्हणणार नाही.

निरंजन आला तेव्हा मी पलंगाशी बसले होते. त्यानं पिंजरा पाहिला, मग तांब्या पाहिला, मग पेला.

"पाणी दिलंस?"

"हो."

"किती?"

"मागतील तेवढं."

त्यानं कोट काढून खुंटीला अडकवला. "मग आता चादरही तूच बदल," तो म्हणाला. रागानं नाही. नेहमीसारखंच.

"गुंड्या बोलतो, निरंजन. सगळं बोलतो."

"पोपट आहे तो. टीव्हीवरचंही बोलतो."

"टीव्हीवर तुझं नाव येत नाही."

तो खुर्चीत बसला. मला वाटलं आता तो घाबरेल, नाकारेल, रडेल. त्यानं यातलं काही केलं नाही. "तू रात्री उठून एकदा चादर बदल," तो म्हणाला. "एकदा नाही, रोज बदल. वर्षभर बदल. मग आपण बोलू. मी तिला उपाशी ठेवत नाही. मारत नाही. औषध वेळच्या वेळी देतो. पाण्याचं तेवढं मी ठरवतो."

"आज का नाही दिलं?"

"आज तिनं पिंजऱ्याचं दार उघडलं. मुद्दाम. कालपासून बघतोय, हात त्या कडीशीच. मी सांगितलं होतं, उघडलंस तर पाणी नाही. उद्या मिळालं असतं."

"आई आहे ती तुझी."

"म्हणून तर. परक्या माणसाला मी कशाला काही शिकवायला जाऊ?" तो माझ्याकडे बघून हसला, ओळखीचं, मायाळू हसू. "तू आता घरची होशील. तुलाही हळूहळू कळेल."

माई छताकडे बघत होत्या. चादर ओली झाली होती. मी ती बदलली. त्यांना कुशीवर वळवलं तेव्हा कमरेखालची जखम दिसली, तिच्यात माझं बोट मावलं असतं. निरंजन खुर्चीतून बघत होता. "खालून घडी घाल," तो म्हणाला. "हां, अशी."

मी शेटे काकूंकडे जाऊन दोन फोन केले. एक मिरजेला अप्पांना, एक कुरुंदवाडला दादामामांना. दादामामा माईंचे धाकटे भाऊ, आमच्या साखरपुड्यात सगळं पुढे होऊन करणारे. दिवेलागणीच्या आत दोघंही आले. मी त्यांना अंगणातच सगळं सांगितलं. मामांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "चल, ऐकू दे मला."

खोलीत उदबत्ती लावलेली होती. माईंचे केस विंचरलेले, अंगावर धुतलेली साडी. मी पिंजऱ्यावरची ओढणी काढली.

गुंड्यानं मामांकडे पाहिलं, अप्पांकडे पाहिलं, आणि पिसं अंगाला चिकटवून एवढासा झाला. आम्ही वाट बघत बसलो. मी त्याला पेरू दिला. नाव घेतलं. शेवटी मी वाटीवर चमचा वाजवायला लागले. त्या माणसांच्या मध्ये उभी राहून मी वेड्यासारखी वाटी वाजवत होते आणि पोपट दांडीवर दगडासारखा बसला होता. अप्पांनी माझ्या हातातून चमचा काढून घेतला.

"परक्यासमोर बोलत नाहीत हे," ते मामांना म्हणाले. त्यांनाही माझी बाजू सावरताना अवघड होत होतं.

निरंजन उठला. त्यानं तांब्यातलं पाणी पेल्यात घेतलं, माईंच्या उशाशी बसला आणि चमच्यानं त्यांना पाणी पाजायला लागला. प्रत्येक चमच्यानंतर पदरानं हनुवटी टिपत होता. "हळू माई. ठसका लागेल. घाई नाही." माई चमच्यामागून चमचा घेत होत्या. मामांनी डोळ्यांना रुमाल लावला.

"ताई," ते पुढे झाले, पलंगाशी वाकले. "ताई, मला खरं सांग. मी तुझा भाऊ आहे. निरंजन नीट बघतो ना तुला? नुसती मान हलव."

मी माईंच्या पायाशी उभी होते. त्यांनी मामांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग आपल्या हनुवटीखाली निरंजननं अजून तसाच धरलेल्या त्या चमच्याकडे. आम्ही सगळे थोड्या वेळानं आपापल्या घरी जाणार होतो. रात्री त्या घरात दोनच माणसं उरणार होती.

माईंनी मान हलवली. हो. आणि त्या हसल्या. अर्धंच तोंड हसलं.

"झालं समाधान?" मामा मला म्हणाले. "पोरी, लग्न करायचं नसेल तर सरळ सांगायचं होतंस. एवढ्या थराला कशाला गेलीस?"

"जखम बघा त्यांची," मी म्हटलं. "कमरेखाली."

"अंथरुणावर पडलेल्या माणसाला होतात जखमा," निरंजन म्हणाला. "मावशींना विचारा, मी रोज पुसतो."

ते खरंही होतं.

अप्पा माझ्याजवळ आले. "तुझं काय म्हणणं आहे?"

"मला हे लग्न करायचं नाही."

"मग नाही करायचं," अप्पा म्हणाले. तेवढंच. त्यांचा पोपटावर विश्वास बसला होता की नाही, मी त्यांना कधी विचारलं नाही.

मी बोटातली अंगठी काढून स्टुलावर ठेवली. निघताना निरंजननं पिंजरा उचलला आणि माझ्या हातात दिला. "घेऊन जा," तो म्हणाला. "तुझ्याकडे नीट राहील. माईला आता त्याचं करणं झेपत नाही."

मी आधी खूश झाले. त्याला साक्षीदार नकोय, असं माझ्या मनात आलं. मग मी माईंकडे पाहिलं आणि मला कळलं, ही त्यांना शिक्षा आहे. त्यांनी दार उघडलं होतं, आणि हिशेब अजून पुरा झाला नव्हता. मी पिंजरा खाली ठेवायला वाकले तर माईंनी चालता हात उचलून हवेत ढकलल्यासारखा केला. जा. मला म्हणाल्या की गुंड्याला, देव जाणे.

मी गप्प बसले नाही. पोलीस चौकीत गेले. तिथल्या माणसानं चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बघणारं कुणी आहे का, मॅडम?" माईंचं करायला येणाऱ्या मावशींना गाठलं, तर त्यांचं काम सुटलं होतं. शेटे काकू माझ्या सांगण्यावरून एकदा पाणी घेऊन गेल्या, तेव्हा मागच्या दाराला कुलूप होतं. नंतर त्या माझ्याशी बोलेनाशा झाल्या. आषाढात माई गेल्या. तेराव्याला जेवून आलेली आत्या म्हणाली, निरंजन ओक्साबोक्शी रडत होता, बघवत नव्हतं.

गुंड्या मिरजेला अप्पांच्या पक्ष्यांमध्ये राहिला. पहिले काही महिने तो संध्याकाळी माईंचं सगळं म्हणायचा. मी कॅसेट लावून टेप घेऊन बसायचे, आणि टेपचं बटण दाबलं की तो गप्प व्हायचा. अप्पांनी खिडकीला बारीक जाळी ठोकली, पिंजऱ्याला दुहेरी कडी बसवली. मग हळूहळू तो आमचं बोलायला लागला. तुरेवाल्या कॉकटेल पोपटांच्या शिट्ट्या, फाटकाची करकर, अप्पांचा खोकला. जुनं विरळ होत गेलं. कधीतरी माझ्या लक्षात आलं की आपण बऱ्याच दिवसांत ते ऐकलेलं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं.

पुढच्या वर्षी संक्रांत होऊन गेल्यावर एक मुलगी आमच्या दारात स्कूटर लावून आत आली. माझ्याहून लहान, मोकळ्या चेहऱ्याची. तिचं नाव ऋजुता. जयसिंगपूरच्या शाळेत चित्रकला शिकवायची.

"माझं निरंजनशी ठरलंय," ती म्हणाली. "रागावू नका हं. मी पोपटासाठी आले. ते कधी काही मागत नाहीत, पण परवा म्हणाले, माईची तेवढीच आठवण होती, ती पण घरात राहिली नाही. मला वाटलं, लग्नात त्यांना तो द्यावा. अचानक."

मी तिला आत बसवलं. पाणी दिलं. आणि सांगितलं. गच्ची, वाटी, तांब्या, चादर, सगळं. ती मांडीवर हात ठेवून शेवटपर्यंत ऐकत राहिली, मध्ये एकदाही तिनं अडवलं नाही. मला वाटलं, हिला पोचतंय.

"हे पोपट बोलला?" तिनं विचारलं.

"हो."

"आता बोलेल?"

"आता नाही बोलत. विसरला."

ती थोडा वेळ पदराच्या काठाशी खेळत राहिली. "त्यांनी मला सांगितलं होतं, तुम्ही असंच काहीतरी सांगाल. त्यांनी तुम्हाला दोष नाही दिला. म्हणाले, ती मनानं वाईट नाही, तिला आजारी माणसाची किळस यायची, आणि ते कबूल करता येईना." ती उठली. "माईंचं त्यांनी एवढं केलं, म्हणून तर आमच्याकडच्यांनी हो म्हटलं. पक्षी द्यायचा नसेल तर नका देऊ. पण त्यांच्याबद्दल असं बोलू नका."

"ऋजुता, त्या घरात एक दिवस राहून बघ. कुणी आजारी असताना बघ."

"आता आजारी कोण आहे तिथं?" ती म्हणाली. तिनं ते सहज म्हटलं.

मी तिच्या मागोमाग व्हरांड्यात गेले. पिंजरा तिथेच होता. तिनं चप्पल घातली, गुंड्यासमोर क्षणभर थांबली, वाकून त्याची लाल शेपूट पाहिली. गुंड्यानं मान वाकडी केली. एरवी परक्यासमोर तोंड न उघडणारा तो पक्षी तिच्याकडे नीट बघून अप्पांच्या आवाजात म्हणाला, "सांभाळून जा गं."

आमच्या दारातून जाणाऱ्या प्रत्येकाला अप्पा असं म्हणत.

ऋजुता खुदकन हसली. "किती गोड बोलतो हो," ती म्हणाली, आणि पिंजऱ्याकडे हात हलवत फाटकातून बाहेर पडली.